सेकंदांच्या शेजारची रिकामी जागा

पुरुषांच्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या जागतिक विक्रमांची यादी वाचताना डोळ्यांत भरते ते एवढेच, की वेळ सतत कमी होत आली आहे. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ बुएँला १० हजार मीटरसाठी ३० मिनिटे ५८.८ सेकंद लागले. २०२० मध्ये युगांडाचा जोशुआ चेप्टेगेई तेवढेच अंतर २६ मिनिटे ११ सेकंदांत धावला. यावरून माणूस पिढ्यान्‌पिढ्या अधिक वेगवान होत चालला आहे, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. मला तो मान्य नाही. यादी नीट पाहिली तर वेळ सावकाश, एकसारखी उतरलेली दिसत नाही. ती वर्षानुवर्षे अडून राहते आणि मग एकदम कोसळते. शंभर वर्षांत माणसाचे हृदय आणि फुप्फुसे अशी थांबून थांबून, उड्या मारत बदललेली नाहीत. बदलत गेली ती धावण्याची परिस्थिती. आणि नेमकी तिचीच नोंद विक्रमांच्या यादीत नसते.

१९२४ मध्ये फिनलंडच्या अधिकाऱ्यांनी पाव्हो नुर्मीला पॅरिस ऑलिंपिकच्या १० हजार मीटर शर्यतीत उतरवलेच नाही. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला, कुओपिओ गावी, त्याने ३० मिनिटे ६.२ सेकंदांचा विक्रम केला. तो १३ वर्षे टिकला आणि १९३७ मध्ये मोडला तोही अवघ्या ०.६ सेकंदाने. १९२१ पासून १९४९ च्या जूनपर्यंत हा विक्रम फिनलंडबाहेर गेलाच नाही. तेव्हा लोक त्याची कारणे फिनिश माणसाच्या रक्तात आणि तिथल्या कडक थंडीत शोधत. मग चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक आला. चारशे मीटरच्या वेगवान फेऱ्या, मध्ये थोडे हळू धावणे आणि पुन्हा तीच फेरी, असा सराव तो लष्करी बूट घालूनही करी. पाच वर्षांत त्याने हा विक्रम पाच वेळा केला आणि १९५४ मध्ये तो २८ मिनिटे ५४.२ सेकंदांवर आणला. फिनलंडचे रक्त आणि थंडी होती तशीच होती. सरावाची पद्धत बदलली होती.

मैलाच्या शर्यतीची गोष्ट तर आपल्याकडे प्रेरणादायी भाषणांत हमखास सांगितली जाते. चार मिनिटांच्या आत मैल धावणे अशक्य आहे असे सारे मानत होते, ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डमध्ये रॉजर बॅनिस्टर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावला, मनाची भिंत कोसळली आणि ४६ दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने त्यालाही मागे टाकले, अशी ती कथा. तारखा बरोबर आहेत, कारण चुकीचे आहे. महायुद्धाच्या काळात तटस्थ स्वीडनमध्ये गुंडर हेग आणि आर्ने अँडरसन या दोघांनी एकमेकांशी झुंजत हा विक्रम ४ मिनिटे १.४ सेकंदांपर्यंत खाली आणला होता. ही वेळ १९४५ ची. युद्ध संपल्यावर दोघांवरही पैसे घेतल्याच्या कारणावरून बंदी आली, आणि युरोपातले बाकीचे तरुण युद्धातून नुकते सावरत होते. विक्रम नऊ वर्षे थांबला तो मनातल्या भिंतीमुळे नव्हे, तर तो मोडू शकणारी माणसे मैदानाबाहेर होती म्हणून. लँडी मायदेशी गवताच्या ट्रॅकवर, बरोबरीचा प्रतिस्पर्धी नसताना, ४ मिनिटे २ सेकंदांच्या आसपास पुन्हा पुन्हा धावत होता. फिनलंडमध्ये तुर्कूला त्याला चांगला ट्रॅक मिळाला, पाठीवर ख्रिस चॅटवेसारखा प्रतिस्पर्धी मिळाला, आणि ३ मिनिटे ५७.९ सेकंदांत त्याचे काम झाले.

याच बॅनिस्टरच्या बाबतीत आणखी एक घटना फारशी सांगितली जात नाही. जून १९५३ मध्ये तो ४ मिनिटे २ सेकंदांत धावला होता, पण ब्रिटिश संघटनेने तो राष्ट्रीय विक्रम म्हणून मान्य केला नाही. त्याचा सहकारी धावपटू ख्रिस ब्रॅशर मुद्दाम रेंगाळत एक फेरी मागे राहिला आणि शेवटी बॅनिस्टरच्या पुढे धावून त्याला वेग देत राहिला. ही खरी स्पर्धा नव्हे, असा निर्णय झाला. पुढच्या वर्षी हाच ब्रॅशर आणि चॅटवे पेसमेकर म्हणून पुढे धावले, पण या वेळी ठरलेल्या स्पर्धेतले धावपटू म्हणून, आणि विक्रम मान्य झाला. मदत कुठवर चालेल ही रेघ माणसे आखतात आणि ती सरकतही राहते. २०१९ मध्ये व्हिएन्नात एलिउड किपचोगे मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावला. पाळीपाळीने बदलणारे पेसमेकर आणि पुढच्या गाडीतून रस्त्यावर पडणारा प्रकाश यांमुळे ती धाव विक्रम ठरली नाही. पण चेप्टेगेईने व्हॅलेन्सियात विक्रम केला तेव्हा ट्रॅकच्या आतल्या कडेने ठरलेल्या वेगाने पळणारे दिवे होते. ते नियमात बसतात.

यावर पहिला आक्षेप पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांचा. केनिया-इथिओपियातल्या धावपटूंचे यश विरळ हवेतल्या जन्माचे फळ नाही का? उंचीचा फायदा मी नाकारत नाही. पण ती पठारे नुर्मीच्या काळीही तेवढीच उंच होती. १० हजार मीटरचा विक्रम करणारा पहिला केनियन सॅमसन किमोब्वा, साल १९७७. तो आणि पुढच्या वर्षी ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम करणारा हेन्री रोनो, दोघेही अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठात शिकत होते. स्वातंत्र्य, शाळांतल्या स्पर्धा, शिष्यवृत्ती आणि युरोपातल्या शर्यतींचे निमंत्रण, हे सारे आल्यावर त्या उंचीचा उपयोग झाला. आपल्याकडचे उदाहरण पाहा. बहादूर प्रसादचा ५ हजार मीटरचा राष्ट्रीय विक्रम १९९२ मध्ये बर्मिंगहॅमला झाला. ३० वर्षांनी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने तो १३ मिनिटे २५.६५ सेकंद वेळ देऊन मोडला, तो कॅलिफोर्नियात. दोघेही इथल्याच मातीतले. फक्त त्यांना ओढून नेणारी शर्यत इथे नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सारे श्रेय परिस्थितीला दिले तर धावपटूचे काय उरते? माझे म्हणणे उलट आहे. परिस्थिती मांडली तरच धावपटू दिसतो. १४ जुलै १९६५ रोजी ऑस्लोच्या बिस्लेट स्टेडियममध्ये ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क २७ मिनिटे ३९.४ सेकंदांत धावला. त्याच्याच नावावरचा अधिकृत विक्रम २८ मिनिटे १५.६ सेकंद होता. एका धावेत ३६.२ सेकंद कमी. पायाखाली सिंडरचा, म्हणजे राखेचा ट्रॅक. दिवे नाहीत, बुटात कार्बनची पट्टी नाही, आणि शर्यत बहुतेक स्वतःच पुढे राहून ओढलेली. क्लार्कला ऑलिंपिक सुवर्ण कधीच मिळाले नाही. पण मला विचाराल तर १० हजार मीटरच्या इतिहासातली सर्वांत थोर धाव हीच. आजच्या यादीत केवळ सेकंद पाहणाऱ्याला ती सामान्य वाटेल, हा तिच्यावरचा अन्याय आहे.

उत्तेजकांचा प्रश्नही टाळता येणार नाही. १९८९ ते १९९८ या काळात विक्रम २७ मिनिटे ८.२३ सेकंदांवरून २६ मिनिटे २२.७५ सेकंदांवर आला. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या ईपीओची चाचणी ऑलिंपिकमध्ये सुरू झाली ती २००० साली, सिडनीत. पुराव्याशिवाय कोणाकडेही बोट दाखवणे चूक आहे आणि मी ते करत नाही. पण चाचणी होती की नव्हती, हीसुद्धा त्या काळाची परिस्थितीच. तिची नोंद असती तर केनेनिसा बेकेलेच्या २००५ च्या २६ मिनिटे १७.५३ सेकंदांचे मोल अधिक स्पष्ट झाले असते. चाचणी आल्यानंतर आणि नव्या बुटांच्या आधी झालेला तो विक्रम १५ वर्षे टिकला.

बुटांबाबत २०२० मध्ये नियम झाले. रस्त्यासाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत, ट्रॅकवरच्या लांब शर्यतींसाठी २५, आणि आत एकच कडक पट्टी. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ट्रॅकवरची मर्यादा २० मिलिमीटर झाली. म्हणजे मधल्या चार वर्षांतले ट्रॅकवरचे विक्रम आज चालणार नाहीत अशा बुटांनीही झालेले असू शकतात, आणि यादीवरून ते कळायला मार्ग नाही. प्रत्येक युगाची साधने वेगळी असणारच, सिंडरवरून सिंथेटिक ट्रॅकवर येतानाही कोणी तक्रार केली नव्हती, असे म्हटले जाते. खरे आहे. म्हणून जुने विक्रम रद्द करा किंवा नवे बूट बंद करा, असे मी म्हणत नाही. फक्त नोंद करा. शंभर मीटरच्या वेळेशेजारी वाऱ्याचा वेग छापतात आणि सेकंदाला २ मीटरहून अधिक पाठवारा असेल तर विक्रम मानत नाहीत. महिलांच्या मॅरेथॉनमध्ये पुरुषांसोबत धावून केलेला विक्रम आणि केवळ महिलांच्या शर्यतीतला विक्रम वेगवेगळे नोंदवतात. मग पुरुषांच्या १० हजार मीटरच्या आकड्यासमोर ट्रॅकचा प्रकार, पेसमेकर किती फेऱ्या होते, दिवे होते का आणि तळवा किती जाड होता, या चार गोष्टी लिहायला अडचण कसली? जागतिक संघटनेकडे विक्रम मंजुरीला येतो तेव्हा यातली बरीच माहिती कागदावर आलेलीच असते. ती यादीत छापली जावी, आणि तोवर विक्रमाची बातमी देणाऱ्या आपल्या वर्तमानपत्रांनी तरी ती सेकंदांसोबत द्यावी.