बांडगुळाची कळी, शिंजिराची चोच

आंब्याच्या बागेत बांडगुळाची कुणी गय करत नाही, आणि ते योग्यच आहे. फांदीत मुळं घुसवून ते झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं, फांदी वाळत जाते. सालीम अलींनी मात्र १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये याच बांडगुळावर लेख लिहिला. कोकणात त्याचा प्रसार शिंजीर आणि फुलटोचे हे पक्षी कसा करतात, हा त्याचा विषय. इतक्या नकोशा वनस्पतीकडे इतक्या बारकाईने पाहणं मला फार मोलाचं वाटतं.

बांडगुळाची कळी जवळून पाहावी. बोटाच्या दोन पेरांएवढी नळी, तळाशी मध. तयार कळीला शिंजिराने चोच लावली की ती फटकन उघडते, पाकळ्या मागे वळतात आणि पराग पक्ष्याच्या कपाळावर बसतो. पुढच्या फुलात चोच खुपसताना तेच कपाळ कुक्षीला टेकतं. पुढे फळं पिकली की पाळी फुलटोच्याची. हा चिमणीहूनही लहान पक्षी फळ गिळतो, काही मिनिटांतच चिकट बी बाहेर येते आणि ती सुटावी म्हणून तो बूड फांदीवर घासतो. बी तिथेच डकते, रुजते.

डोंगरावर ही वाटणी बदलते. प्रिया दाविदार यांनी निलगिरीतल्या काही बांडगुळांची फुलं आणि फळं दिसायला सारखी असल्याचं १९८३ मध्ये दाखवलं. या बांडगुळांसाठी परागीभवन आणि बीजप्रसार ही दोन्ही कामं एकटा फुलटोच्याच करतो.

शिंजीर बांडगुळापुरता थांबत नाही. देशावर उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस फुलतो. या फुलाला वास नाही, पण पक्ष्याला रंग पुरतो. मधमाशीला न दिसणारा लाल त्याला लांबून दिसतो. आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीत, आणि शिंजीर हवेत तरंगण्यापेक्षा बसून मध पिणं पसंत करतो. त्यामुळे फुलाजवळ बसायला फांदी लागते. पळसाची बळकट डहाळी नेमकी तेच पुरवते. राजेश टंडन, के. आर. शिवण्णा आणि एच. वाय. मोहन राम यांनी २००३ मध्ये या झाडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुलांवर सात जातींचे पक्षी येत होते, पण पक्ष्यांपैकी खरं परागीभवन एकटा जांभळा शिंजीर करत होता. खारही त्याला हातभार लावत होती. म्हणजे झाडावर किलबिलाट आहे म्हणून शेंगा धरतील, असं समजू नये. शिंजीरही प्रत्येक फुलाशी प्रामाणिक नसतो. जास्वंदीसारख्या मोठ्या फुलाच्या बुडाशी भोक पाडून तो मध पितो आणि परागाला शिवतही नाही.

काटेसावर पळसाच्या उलट. तिची पसरट, मांसल फुलं सर्वांना खुली असतात. मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे येतात, मध्य आशियातून हिवाळ्याला आलेल्या भोरड्यांचे थवेही उतरतात.

या सगळ्यात बांडगुळाचाच विचार मी पुनःपुन्हा करतो. हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराच्या अळ्याही त्याचीच पानं खाऊन वाढतात. म्हणून बागायतदारांना एक विनंती: आंब्यावरचं बांडगूळ जरूर काढा, पण बांधावरच्या आणि रानातल्या झाडांवरचं तेवढं राहू द्या.