वर्ध्यातली शाळा ते एटीएसचं प्रमुखपद: 26/11 आधीचे हेमंत करकरे

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री टीव्हीवर हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जॅकेट चढवताना दिसलेले हेमंत करकरे सगळ्यांना आठवतात. त्याआधीचे करकरे मात्र फारसे कुणाला माहीत नसतात.

त्यांचं शालेय शिक्षण वर्ध्यात झालं. 1975 मध्ये नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीतून, ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. काही काळ हिंदुस्तान लीव्हरमध्ये नोकरी केली आणि 1982 मध्ये आयपीएसमध्ये आले. नक्षलग्रस्त चंद्रपूरनंतर पुढे 'रॉ'साठी ते सात वर्षं ऑस्ट्रियात होते. लाकडातून शिल्पं घडवण्याचा छंदही होता!

जानेवारी 2008 मध्ये ते एटीएसचे प्रमुख झाले. सप्टेंबरमधल्या मालेगाव स्फोटप्रकरणी त्यांच्या पथकाने साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर आणि लष्करी अधिकारी प्रसाद पुरोहित यांना अटक केली. त्यावरून करकरेंवर जोरदार राजकीय टीका झाली. (या खटल्यातले सातही आरोपी जुलै 2025 मध्ये निर्दोष सुटले.)

ही टीका सुरू असतानाच 26/11 चा हल्ला झाला. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. करकरेंना 2009 मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली: त्यांचं ते बुलेटप्रूफ जॅकेट गहाळ झालं होतं.