सही करण्याआधी तारीख पाहा

राष्ट्रीय लोक अदालत जवळ आली की नांदेड-लातूरकडे बँकांच्या थकबाकीच्या नोटिसा येऊ लागतात. कागद कोर्टाचा दिसतो. माणूस धास्तावतो आणि समोर येईल त्या तडजोडीवर सही करून मोकळा होतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी जुनी असेल, तर या घाईत तो आपला मोठा बचाव गमावून बसतो.

1963 च्या मुदत कायद्यानुसार अशा विनातारण कर्जासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षे मिळतात. त्यानंतरचा दावा कलम 3 प्रमाणे न्यायालयाने फेटाळायचा असतो, कर्जदाराने तो मुद्दा काढला नसला तरीही. मोजणीत 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा करोनाकाळ सर्वोच्च न्यायालयाने वगळला आहे, हे मात्र विसरू नये.

मुदत टळली म्हणून कर्ज फिटत नाही. कोर्टातून वसूल करण्याची वाट तेवढी बंद होते. ती उघडी राहते किंवा पुन्हा उघडते, ती कर्जदाराच्याच सहीने. मुदतीच्या आत 'देणे आहे' असे लिहून दिले की तीन वर्षे नव्याने सुरू. मुदत गेल्यावर 'देईन' असे लिहून सही केली, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे तो नवा करारच ठरतो. लोक अदालतीतल्या तडजोडीला तर हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्याची अंमलबजावणी बारा वर्षे मागता येते. ती तडजोड मान्य करण्याची सक्ती कोणावरही नाही.

सहीचा हा फास महाराष्ट्राने पूर्वी भोगला आहे. 1859 च्या कायद्याने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मर्यादा घातली, ती व्याज साचू नये म्हणून. पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागले. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव पेटला. सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले गेले.

आजच्या वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी आली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

दाव्याचे समन्स आले तर गैरहजर राहू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 वर फोन करा.