कामगाराच्या मोबाइलवर युनियनचे ऑफिस

कामगार संघटनेच्या वेबसाइटचा पहिला वाचक कामगार असतो, आणि तो ती मोबाइलवर उघडतो. मुंबईच्या गोवंडीत देवनार डम्पिंग ग्राउंडच्या आसपास, शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांत सफाई कामगार, नाक्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर, घरकामगार आणि जरीचे कारागीर राहतात. पगारात पैसे कापून आले की प्रश्न त्याच रात्री पडतो, आणि त्या वेळी युनियनचे ऑफिस बंद असते. वेबसाइट करायची ती या वेळेसाठी.

तिच्यावर काय असावे, हे मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांच्या लढ्यातून नीट कळते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याची मागणी न्यायालयात लावून धरली. औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल २०१४ मध्ये कामगारांच्या बाजूने लागला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. एवढे होऊनही अनेकांचे कायम होणे अडले, कारण कागदपत्रांवरच्या नावांत तफावत होती. हजेरीपटावर एक नाव, ओळखपत्रावर दुसरे. आडनाव गाळलेले, वडिलांचे नाव चुकलेले किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचे तिकडे, एवढ्यावरही जिंकलेला हक्क लांबणीवर पडतो.

म्हणूनच कंत्राटी कामगारांच्या युनियनने सर्वांत आधी लिहावे ते ‘कोणते कागद जपून ठेवायचे’ हे पान. हजेरी कार्ड, पगारपावती, पगार जमा झाल्याची पासबुकातली नोंद आणि पीएफचा बारा अंकी खाते क्रमांक (यूएएन), जो ठेकेदार बदलला तरी बदलत नाही. प्रत्येक कागदावर नाव सारखेच आहे का ते आजच तपासा, वेगळे असेल तर दुरुस्तीसाठी कुठे जायचे, हेही तिथेच सांगावे. त्याखाली युनियनचा फोन नंबर द्यावा. तो चित्रात न लिहिता असा टाकावा, की बोट लावताच फोन लागेल. ऑफिसचा पत्ता, जवळची खूण आणि उघडण्याच्या वेळा पहिल्याच पानावर हव्यात. हारतुऱ्यांचे फोटो आणि पदाधिकाऱ्यांचे सत्कार यांना वेगळे पान पुरे.

मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. बऱ्याच युनियनची पत्रके जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तो मजकूर वेबसाइटवर उतरवला की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, मग पत्रकाचा फोटोच चढवला जातो. फोटोतले शब्द गुगलला नीट सापडत नाहीत आणि अंध वाचकाच्या मोबाइललाही ते नीट वाचून दाखवता येत नाहीत. शिवाय युनिकोडमध्ये देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साधारण तीन बाइट घेते, म्हणजे हजार चिन्हांची नोटीस तीन किलोबाइटची. तिचाच फोटो सहज शंभरपट भरतो आणि डेटा कामगाराच्या खिशातून जातो. तेव्हा मजकूर पुन्हा टाइप करण्याचे कष्ट घ्यावेतच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने तयार केलेल्या ‘मुक्ता’सारखा मुक्तस्रोत फॉन्ट फुकट मिळतो. वेलांट्या-उकार एकमेकांत अडकू नयेत इतके ओळींमधले अंतर ठेवावे. गोवंडीत हिंदी आणि उर्दू पानेही लागतील. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे त्या पानाची मांडणीच उलटी करावी लागते.

प्रत्येक नोटिशीवर तारीख हवी. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. गेल्या वर्षीचा दर तसाच राहिला, तर कामगार मुकादमाशी चुकीच्या आकड्यावर भांडतो आणि तोंडघशी पडतो. सहा महिन्यांनी दर बदलायला माणूस नसेल, तर दराचे पान करू नये. व्हॉट्सअॅप ग्रुपवरची नोटीस दोन दिवसांत वर सरकून हरवते. वेबसाइटवरचे पान त्याच पत्त्यावर राहते. म्हणून बातमी आधी वेबसाइटवर टाकावी आणि ग्रुपवर तिची लिंक द्यावी.

सभासदांची यादी मात्र कधीही वेबसाइटवर टाकू नये. ती ठेकेदारही वाचतो, आणि कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी कामावर न घेणे त्याला सोपे असते. चौकशीच्या फॉर्ममध्ये नाव, फोन आणि अडचण एवढेच विचारावे; आधारचा फोटो मागू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, पण विश्वासाचा हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

वेबसाइटचे नाव युनियनच्याच नावावर नोंदवावे. हौसेने मदत करणाऱ्या एखाद्या तरुणाच्या ईमेलवर ते असले आणि तो नोकरीनिमित्त दुसरीकडे गेला, तर नूतनीकरणाची सूचना कुणाला मिळतच नाही आणि मुदत संपली की साइट बंद पडते. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, दरवर्षीचा खर्च जमाखर्चात दाखवावा आणि कार्यकारिणी बदलली की दफ्तर आणि पासबुकाबरोबर वेबसाइटचा ताबाही नव्या लोकांकडे लेखी द्यावा.