पाकळ्या, पक्कड आणि चांदसैलीचा घाट

धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून धडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री दिव्यांची रांग लागते. अस्तंब्याच्या यात्रेला निघालेल्या मोटारसायकली असतात त्या. अश्वत्थाम्याच्या डोंगरावर चढायला शहादा, नंदुरबार आणि पलीकडच्या गुजरातेतूनही माणसं येतात. अशाच एका रात्री चांदसैली घाटाच्या वळणावर माझा हेडलाइट गेला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मागे गाड्यांची रीघ. कशीबशी गाडी कडेला घेतली. बल्ब शाबूत होता, बॅटरी ठणठणीत. मोबाइलच्या उजेडात दिव्याचा डबा उघडला, तर एक चपटी पिन कपलरमध्येच राहिलेली आणि तिची वायर बाहेर निसटून लोंबत होती. ती पिन काही महिन्यांपूर्वी मीच बसवली होती, साध्या पकडीने चेपून.

त्या रात्रीपासून वायरिंगच्या सांध्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. हा सगळा भाग नंदुरबार जिल्ह्यातला. सहा तालुके, त्यांपैकी अक्राणी आणि अक्कलकुव्याचे कितीतरी पाडे असे, की एसटी जिथे थांबते तिथून पुढे मोटारसायकलच. रेशन, खताची गोणी, तापाने फणफणलेलं पोर, बाळंतीण, सगळं त्याच सीटवरून येतं-जातं. उन्हाळ्यात तापीकाठी लोखंडाला हात लावता येत नाही, पावसाळ्यात सातपुड्यात कपडे वाळत नाहीत, आणि बारा महिने रस्ता गाडीला हादरवत असतो. अशा ठिकाणी इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतो तो सांधा.

का, ते थोड्या हिशोबाने कळतं. ३५ वॉटचा हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर वीज ओढतो. सांधा ढिला असला, त्यावर कळंक चढला आणि तिथे अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झाला, तर दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. दिव्याला राहतात साडेदहा. उजेड मात्र व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने पडतो. एवढ्यानेही तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतो. गिऱ्हाईक म्हणतं, बल्ब बदला. बल्ब बदलून काही होत नाही. गमावलेली वीज त्या सांध्यात उष्णता होऊन बसलेली असते. मग प्लॅस्टिक पिवळं पडतं, तपकिरी होतं आणि एक दिवस वितळतं.

आपल्याकडे जुनी रीत म्हणजे दोन वायरी सोलून पीळ मारायचा आणि वर काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते, पावसाचं पाणी आत शिरतं आणि तांब्याला हिरवा कळंक चढतो. दुसरी रीत डाग देण्याची. रेडिओ दुरुस्तीत डाग उत्तमच, पण मोटारसायकलीवर त्याचं वेगळं दुखणं आहे. वितळलेलं कथील तारांच्या लडीतून वर ओढलं जातं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपतो आणि मऊ वायर सुरू होते, नेमकी तिथेच हादऱ्यांनी तार तुटते. वरून आवरण अखंड, आत तांबं तुटलेलं. असा दोष शोधताना अख्खी दुपार जाते.

या दोन्ही रीतींना उत्तर म्हणजे दाबून केलेला सांधा. अमेरिकेत १९४१ साली अंकस व्हिटेकर यांनी एएमपी ही कंपनी काढली, ती विमानं आणि जहाजांसाठी डाग न देता दाबून बसवायची टर्मिनलं बनवायला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हजारो सांधे झटपट आणि एकसारखे हवे होते. धातूची नळी तारांवर इतक्या जोराने चेपायची, की आतल्या तारांमधली पोकळीच संपावी. हवा नाही, ओल नाही, म्हणून गंज नाही. उघड्या थिंबलला, म्हणजे अशा टर्मिनलला, कल्हई केलेली असते तीही गंज टाळण्यासाठीच. पितळेच्या पातेल्यात ताक का कळकतं हे ज्या घरात माहीत आहे, तिथे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मोटारसायकलच्या कारखानी वायरिंगमधली एखादी पिन भिंगाखाली धरून बघा. तिच्या शेपटीला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांबं पकडते, मागची आवरण. पुढच्या जोडीची टोकं आत वळून तारांच्या लडीत घुसलेली असतात, वरून पाहिलं तर दोन उंचवटे दिसतात. दोन्ही जोड्यांच्या मधल्या फटीत थोडं तांबं आणि थोडं आवरण, दोन्ही दिसायला हवं. पाकळीच्या तोंडाशी धातू किंचित फुगीर असतो, म्हणजे कडेने तार कापली जात नाही. वीज वाहून नेणं पुढच्या जोडीचं काम, हादरे सोसणं मागच्या जोडीचं. माझी पिन निसटली, कारण साध्या पकडीने पाकळ्या फक्त आडव्या झाल्या होत्या, आत वळल्याच नव्हत्या.

म्हणून पहिला खर्च पकडीवर करावा. बाजारात शे-दोनशे रुपयांना लाल-निळ्या-पिवळ्या ठिपक्यांची पातळ पत्र्याची पक्कड मिळते. ती वायर सोलते, कापते, दाबतेही. पण दाबणं हाताच्या जोरावर अवलंबून, आणि संध्याकाळपर्यंत हात थकतो. त्यापेक्षा दातेरी कुलपाची पक्कड घ्यावी. पूर्ण दाब बसेपर्यंत तिचा जबडा उघडतच नाही. सकाळचा पहिला सांधा आणि रात्रीचा शेवटचा सांधा सारखाच. जबडे मात्र दोन वेगळे लागतात. प्लॅस्टिकची टोपी असलेल्या थिंबलला लंबगोल खाचेचा, उघड्या पाकळ्यांच्या पिनेला दोन कमानींच्या खाचेचा. लंबगोल जबड्यात पाकळ्यांची पिन घातली तर ती चपटी होते, आत वळत नाही. एकच जबडा परवडत असेल तर मोटारसायकलवाल्याने कमानींचाच घ्यावा. बॅटरी आणि सेल्फच्या जाड वायरीचं मोठं थिंबल मात्र हातपकडीने कधीच दाबू नये. त्याला षटकोनी साच्याचं लांब दांड्याचं यंत्र लागतं. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून दाबून आणावं.

टोपीच्या रंगालाही अर्थ आहे. लाल साधारण अर्धा ते दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला, निळी दीड ते अडीचला, पिवळी चार ते सहाला. मोटारसायकलीवर बहुतेक काम लालमध्येच भागतं. तरी दुकानात निळी हाताला लागते म्हणून बारीक वायर दुहेरी दुमडून तिच्यात कोंबतात. असा सांधा ओढला की सुटतो.

पिनांत बॅटरी आणि रिलेला ६.३ मिलिमीटरची चपटी, लहान कपलरमध्ये ४.८ किंवा २.८ची, आणि इंडिकेटरला गोळीच्या आकाराची गोल पिन. कपलरमध्ये पिन सारताना ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. तो तिच्या जिभेचा आवाज. आला नाही तर जीभ टाचणीने हलकेच वर काढावी आणि पुन्हा सारावी. चालू वायरीला चावा घेऊन फाटा काढणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मला मुळीच पसंत नाहीत. त्या तारा अर्धवट कापतात आणि पाण्याला दार उघडून देतात.

वायर घेताना ब्लेडने एक तार खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्यावर कसलीही पक्कड वाया जाते.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट गाडी चालू असेपर्यंत बंद होत नाही, त्यामुळे त्याच्या सांध्याला विसावाच उरला नाही. २०२०च्या बीएस-६ नियमांनंतर इंधनाचं इंजेक्शन, सेन्सर आणि रबरी सील असलेले कपलर आले. या कपलरमध्ये पिनेची मागची जोडी आवरणाबरोबर सीललाही धरते, म्हणून तिचा जबडाही वेगळा. तो नसेल तर वायरीसकट तयार कपलर आणावा, मोकळ्या जागी नळीत दाबून जोडावा आणि वर गोंदवाली उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी. सेन्सरच्या वायरीत वीज इतकी थोडी असते, की जरासा कळंकही गाडीच्या संगणकाला खोटी खबर देतो.

गेल्या यात्रेच्या आधी मोलगीकडचा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याला ५५ वॉटचे दोन जादा दिवे हेडलाइटच्याच वायरीवर हवे होते. म्हणाला, “दादा, पीळ मारून टेप लावून द्या, आजच निघायचंय.” दोन्ही दिवे मिळून नऊ अँपिअरच्या वर जातात हे त्याला सांगितलं. बॅटरीपासून वेगळी दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढली, बॅटरीजवळच फ्यूज टाकला, पुढे रिले. गाडीची कॉइल एवढा भार सतत सोसणार नाही, म्हणून हे दिवे फक्त घाटात लाव असंही बजावलं. प्रत्येक पिन दाबून झाली की वायर त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, ओढून बघ. पहिली त्याने भीत-भीत ओढली. पाचवीला त्याने एक पाय टायरवर टेकवला आणि दोन्ही हातांनी ओढली.