ओट्याचा व्हायवा

मंडळी, ‘मटेरियल सिलेक्शन’ हा विषय आपण सगळेच परीक्षेपुरता वाचतो. फंक्शन, कन्स्ट्रेंट, ऑब्जेक्टिव्ह हे तीन शब्द लिहायचे, केंब्रिजच्या अॅशबी साहेबांचा एक चार्ट काढायचा, मार्क पदरात पाडून घ्यायचे. पण हाच प्रश्न आईच्या तोंडून आला की चार्ट बाजूला राहतो! आमच्या पावसच्या घराचा ओटा बदलायचा होता आणि “तू इंजिनियर होतोयस ना? मग सांग, कुठला दगड घेऊ?” असा थेट व्हायवाच सुरू झाला. रोजचे पाच-सहा तास ती त्या ओट्यापाशी उभी असते, आणि एकदा बसवलेला ओटा वीस-पंचवीस वर्षं कोणी हलवत नाही. त्यामुळे ‘कुठलाही घे, चालेल’ हे उत्तर देता येण्यासारखं नव्हतं.

पावस म्हणजे रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्राजवळ. म्हणजे खारी हवा आणि चार महिने धो धो पाऊस. त्यात आमच्या स्वयंपाकघरात आंबट पदार्थांचं राज्य. एप्रिल-मेमध्ये कोकमं फोडायची, मीठ घालून आगळ काढायचं, सालं पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवायची. शिवाय सोलकढी, कैरी, लिंबू, मासळी. भाकरीचा तापलेला लोखंडी तवा ओट्यावर टेकवायचा आणि नारळ ओट्याच्या कडेवरच फोडायचा. हे सगळे आमचे कन्स्ट्रेंट.

आमच्या ब्लॉकमधल्या एका नागपूरच्या मित्राने विचारलं, “तुमच्या भिंती जांभ्याच्या, मग ओटाही जांभ्याचाच का नाही करत?” प्रश्न वाईट नाही. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, सरळ चिरे पाडता येतात आणि हवा लागली की कडक होतो. म्हणूनच फ्रान्सिस बुकानन या साहेबाने केरळात हा दगड पाहून १८०७ साली ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. पण तो भोकाभोकांचा असतो. मासळी धुतलेलं पाणी एकदा आत गेलं की वास बाहेर काढणं अशक्य. जांभ्याखालचा काळा बेसॉल्ट मजबूत, पाटा-वरवंटा त्याचाच. पण लाव्हा थंड होताना आकसतो आणि दगडात भेगा पडतात, त्यामुळे आठ फुटांची सलग लादी सहसा निघत नाही. आजीच्या काळी हा प्रश्नच नव्हता म्हणा, चूल जमिनीवर आणि विळीही जमिनीवर!

आमचा जुना ओटा कडप्प्याचा. कोकणात, किंबहुना महाराष्ट्रभर, बहुतेक जुने ओटे याचेच. आंध्रातल्या कडप्पा भागावरून नाव पडलं. काळाभोर, स्वस्त आणि थरांमध्ये निघत असल्याने लादी पाडायला सोपा. पण हा चुनखडीचा दगड आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शहाबादी आणि कोटा हे त्याचेच भाऊबंद, आणि संगमरवरसुद्धा शेवटी कॅल्शियम कार्बोनेटच. त्यावर आम्ल पडलं की काय होतं हे शाळेत चुनखडीवर आम्ल ओतून आपण सगळ्यांनी पाहिलंय. लिंबाने तसे धो धो बुडबुडे येत नाहीत, पण पृष्ठभाग हळूहळू खाल्ला जातो. आमच्या ओट्यावर जिथे दरवर्षी कोकमाची परात ठेवतात तिथे पांढुरका, खरखरीत गोल उमटलाय. आई म्हणायची, “घासून घासून झालाय.” घासणं अर्धंच खरं! कॅल्साइटची कठिणता मोहच्या मापावर ३, म्हणजे साध्या चाकूनेही ओरखडा पडतो. पण गुळगुळीतपणा आधी आम्लाने घालवला, मग घासणीने.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ (कठिणता ७) आणि फेल्डस्पार (६). स्वयंपाकघरातलं आम्ल त्यांचं काही बिघडवत नाही आणि तव्याची उष्णताही सोसते. बाजारात मात्र ‘ग्रॅनाइट’ हे नाव फार सैल वापरतात. सोनेरी ठिपक्यांचा प्रसिद्ध ‘ब्लॅक गॅलक्सी’ आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा. भूगर्भशास्त्राच्या सरांना विचाराल तर ते त्याला गॅब्रोच्या कुळातला म्हणतील. ओट्याला तोही चालतो. फसवणूक असते ती दुसरीकडे. करड्या दगडाला काळा रंग चोपडून ‘जेट ब्लॅक’ म्हणून विकतात. दुकानात जाताना कापसाचा बोळा आणि बहिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर खिशात ठेवा. लादीवर चोळा, बोळा काळा झाला तर नमस्कार करून बाहेर पडा. दुसरं म्हणजे एका कोपऱ्यावर लिंबाचा रस आणि दुसऱ्यावर पाणी टाकून पंधरा मिनिटं थांबायचं. लिंबाखाली चमक गेली तर तो दगड आपल्या कामाचा नाही; पाण्याखाली गडद डाग पडला तर तो पाणी पितो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

स्टीलचाही विचार केला. आपल्या मेसमध्ये स्टीलची टेबलं आहेतच. पण ३०४ ग्रेडसुद्धा खाऱ्या हवेत तांबूस डाग धरतो, कारण क्लोराइड त्याच्या संरक्षक थराला भोकं पाडतं. मॉलिब्डेनम असलेला ३१६ टिकतो, पण किंमत ऐकून आईने विषयच बदलला.

शोरूमवाल्याचा सगळा भर ‘क्वार्ट्झ’वर होता. यात नव्वद टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झची चुरी आणि बाकी राळ. डाग धरत नाही, दिसायला झकास. मात्र राळेला तापलेला तवा सोसत नाही, कायमचा डाग पडतो. माझा याला विरोध मात्र दुसऱ्याच कारणाने आहे. हे कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात कायमची बसते. सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. तरुण कारागीर आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतो, प्रमाण कमी एवढंच. म्हणून आमच्या अंगणात मशीन लावून कोरडं कापायला मी नकार दिला. पाण्याची धार सोडून, तोंडाला नीट मास्क बांधून कापायचं ठरलं. गवंडीकाका हसले, “अरे, तीस वर्षं कापतोय मी!” पण त्यांच्या हाताखालच्या पोराने मास्क घेतला.

शेवटी साधा काळा ग्रॅनाइट, १८ मिलिमीटर जाडीचा. आठ बाय दोनची लादी सत्तर किलोच्या पुढे भरते, ती घेऊन चौघे जण पाखाडी चढले ते दृश्य बघण्यासारखं होतं. दगड दाबात भीम, वाकण्यात मात्र अगदीच लेचापेचा. ग्रॅनाइटच्या एएसटीएम सी-६१५ या प्रमाणात दाबातली किमान ताकद १३१ मेगापास्कल आहे आणि वाकवतानाची फक्त १०.३४. म्हणजे लादीखाली पोकळी राहिली आणि वर नारळ आपटला की तडा ठरलेला. त्यामुळे खाली उभे कडप्पे जवळजवळ लावले (जुना ओटा कापून तेच वापरले, त्यांना कोकम लागणार नाही!) आणि वर मसाल्याचा थर पोकळी न ठेवता भरला. सिंकच्या पुढची पट्टी सगळ्यात नाजूक, तडा बहुधा तिथूनच जातो. भोकाचे कोपरे काटकोनात न कापता गोल करून घेतले. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनचं गणित ज्यांना केटीत पुन्हा सोडवावं लागलंय त्यांना कारण सांगायला नको. पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारली, म्हणजे सांडलेलं पाणी आत न वळता तिथूनच ठिबकतं.

राहता राहिली उंची. गवंडीकाका सवयीने ३४ इंच धरून बसले होते. आई पाच फुटांहून कमी. तिला पोळपाट-लाटणं हातात देऊन उभं केलं आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली मोजलं, तर ३१ आले. “वयनी, ओटा बुटका दिसंल,” काका म्हणाले. आई म्हणाली, “दिसू दे, लाटायचं मला आहे.” ३१ वर बसवला.