बचातेचा जामीनदार

माझी भाची पुण्यात नोकरी करते आणि दर शनिवारी संध्याकाळी नाचाच्या वर्गाला जाते. कुठला नाच, असे मी विचारले तेव्हा म्हणाली, "बचाता. मामा, तू ऐकलं नसशील." टीपॉय बाजूला सरकवून तिने करूनही दाखवले. तीन पावले एका बाजूला, चौथ्या ठेक्याला कमरेचा हलका हिसका आणि पुन्हा तीन पावले उलट. वर्ग वातानुकूलित असतो म्हणे आणि सोबतची मुलेमुली बहुतेक संगणक कंपन्यांतली. जाता जाता तिने विचारले, "पण या शब्दाचा अर्थ काय रे?" निवृत्त माणसाला असा प्रश्न पुरतो. मी शोधायला बसलो आणि हाती लागला ह्वान लुईस गेर्रा या गायकाचा १९९० सालचा 'बचाता रोसा' हा अल्बम. गेले दोन महिने तो आमच्या घरात वाजतो आहे. त्यातले एक गाणे तर सौभाग्यवतींना चालीसकट पाठ झाले आहे, एका शब्दाचाही अर्थ न कळता.

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला क्रिकेटच आठवते. परंतु त्याच समुद्रात स्पॅनिश बोलणारी आणि बेसबॉलसाठी जीव टाकणारी बेटेही आहेत. डोमिनिकन प्रजासत्ताक हा तसा देश. एकाच बेटाचा पश्चिमेकडचा भाग हैती आणि पूर्वेकडचा मोठा भाग हा. तेथे १९३० ते १९६१ अशी एकतीस वर्षे राफाएल त्रुहियो या हुकूमशहाची सत्ता होती. राजधानी सांतो दोमिंगोला त्याने स्वतःचे नाव दिले होते. संगीतातही त्याचा शब्द चाले. 'मेरेंगे' हा द्रुत लयीचा नाच त्याने राष्ट्राचे संगीत म्हणून उचलून धरला, आणि देशातले महत्त्वाचे नभोवाणी केंद्र त्याच्या भावाच्याच हाती होते. खेड्यापाड्यांत मात्र गरिबांच्या अंगणात रात्री गिटार घेऊन माणसे जमत, थोडी रम होई, प्रेमभंगाची गाणी होत. अशा बैठकीला म्हणायचे बचाता. ३० मे १९६१ रोजी त्रुहियोची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी होसे मान्युएल काल्देरोन याने ज्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या, त्या बचातेच्या पहिल्या तबकड्या मानल्या जातात. हुकूमशहा गेल्यावर थोड्याच काळात गरिबाचा गळा तबकडीवर उमटला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

पुढे खेड्यांतली माणसे लोंढ्यांनी राजधानीत आली. झोपडपट्ट्या वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर हे गाणेही शहरात आले. त्याची बसायची जागा म्हणजे 'कोल्मादो', कोपऱ्यावरचे किराणा दुकान. तांदूळ-तेलही तेथेच, थंड बिअरही तेथेच, आणि मालकाकडे उधारीची वही. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला त्या वहीत जास्त रस वाटला, हे कबूल करतो. गाण्यातला नायकही त्या वहीत नाव असलेलाच: खिशात पैसा नाही, बायको सोडून गेलेली, हातात पेला. म्हणून या गाण्यांना 'आमार्गे'चे, म्हणजे कडवटपणाचे संगीत म्हणत. एक गिटार सूर ठिबकवते, दुसरी ठेका धरते, जोडीला बोंगो आणि 'ग्विरा' नावाची, किसणीसारखी खरवडून वाजवायची पत्र्याची नळी. एवढाच संसार.

सुशिक्षित घरांत 'बचाता' ही जवळजवळ शिवी झाली. मोलकरणींचे आणि शिपाईप्याद्यांचे गाणे, असे तिला म्हटले जाई. रादामेस आरासेना यांचे 'रेडिओ ग्वाराचिता' हे केंद्र ही गाणी देशभर ऐकवत असे. बाकीची प्रतिष्ठित केंद्रे त्यांना हात लावीत नसत. या तिरस्कारात थोडे तथ्यही होते, हे सांगायला हवे. जुन्या बचातेत सगळेच निर्मळ दुःख नव्हते. साऱ्या दोषाचे खापर बाईवर फोडणारी गाणी त्यांत भरपूर होती, आणि १९८० नंतर तर द्व्यर्थी गाण्यांचा सुकाळ झाला. परंतु अशी गाणी कोणत्या थरात नसतात? त्यासाठी सबंध गाण्यालाच दाराबाहेर ठेवले गेले, हा मुद्दा.

आणि येथे गेर्रा येतो. जन्म १९५७, सांतो दोमिंगोचा. विद्यापीठात काही काळ तत्त्वज्ञान आणि साहित्य शिकलेला, मग बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जाऊन आलेला. त्याच्या वाद्यवृंदाचे नाव '४.४०'. वाद्ये जुळवताना जो स्वर प्रमाण धरतात, सेकंदाला ४४० कंपनांचा, आपल्या पेटीवरची पांढरी सहा, त्यावरून ते घेतले. असा काटेकोर, जॅझ शिकलेला, उंचापुरा, दाढीवाला माणूस. त्याने कोल्मादोत रात्री काढलेल्या नव्हत्या. आणि त्याने अल्बमच्या मुखपृष्ठावर तो शब्द घातला. नुसते 'रोसा' म्हटले असते तरी तो खपला असता. 'बचाता' हा शब्द ठळक छापून त्याने भल्या घरच्या गिऱ्हाइकाला तो दुकानात तोंडाने मागायला लावला.

गंमत अशी की अल्बममधल्या दहा गाण्यांत बचाता निम्म्याहूनही कमी. बाकी मेरेंगे वगैरे आहे. 'ला बिलिरुबिना' या गाण्यातला प्रेमिक इस्पितळात पडला आहे, कारण प्रेमाने त्याचे बिलिरुबिन वाढले! ज्या घरात कोणाला कावीळ होऊन गेली आहे, त्या घरात हे गाणे ऐकून हसू आल्याशिवाय राहणार नाही. 'आकोंपान्येमे सिव्हिल'मध्ये वर्दीतल्या लाचखोरांची टिंगल आहे. पण ज्या गाण्याने जग जिंकले ते 'बुर्बूहास दे आमोर', प्रेमाचे बुडबुडे. त्यातल्या नायकाला मासा होऊन प्रेयसीच्या काचेच्या मत्स्यपेटीला नाक लावायचे आहे. (सौभाग्यवतींचे ते हेच. अर्थ सांगितल्यावर त्या आता जरा हळू गुणगुणतात.) ठेका बचातेचाच, गिटारही तशीच ठिबकते. कोल्मादोतला दारुडा मात्र गेला आणि त्याच्या जागी कवी आला. कडवट होते ते गुलाबी झाले, आणि 'रोसा' म्हणजे गुलाबीच. १९९२ साली या अल्बमला ग्रॅमी मिळाले.

मला या ठिकाणी माझी एक जुनी शाखा आठवते. तालुक्याचे गाव, ऐंशीचे दशक, मी नवा अधिकारी. तमाशाच्या फडातला एक ढोलकीवाला वाद्यांसाठी कर्ज मागायला आला. रक्कम चार हजारांची. अर्जावर 'व्यवसाय' या रकान्यात त्याने 'कलावंत' लिहिले होते आणि आमच्या व्यवस्थापकांनी त्यावर बोट ठेवून जामीनदार मागितला. गावातल्या एका डॉक्टरांनी सही दिली, तेव्हा कर्ज मंजूर झाले. तो दर महिन्याला येई, रुमालात बांधलेल्या नोटा मोजून देई. एकही हप्ता चुकला नाही. तरीही शाखेत त्या खात्याला शेवटपर्यंत सगळे 'डॉक्टरांचे खाते' म्हणत. मीही म्हणत असे.

'बचाता रोसा'चे तसेच झाले. जगाने बचाता प्रथम ऐकली ती गेर्राच्या नावावर. खरे तर त्याच्या आधी लुईस सेगुरा याच्या 'पेना पोर ती' या गाण्याने ऐंशीच्या दशकात शहरी कान टवकारले होते. १९८७ मध्ये ब्लास दुरान याने विजेची गिटार आणली होती. लुईस दियास, सोनिया सिल्वेस्त्रे ही सुशिक्षित मंडळीही या गाण्याकडे वळली होती. हप्ते असे आधीपासूनच भरले जात होते. गेर्राला दोष द्यावा असे मात्र मला वाटत नाही. डॉक्टरांनी सही केली नसती तर ढोलकी आली नसती. आणि दार उघडले ते उघडलेच. १९९१ मध्ये आंतोनी सांतोस हा खेड्यातला, कधीकाळी दुसऱ्याच्या ताफ्यात ग्विरा वाजवणारा पोरगा त्याच दारातून आत आला आणि अस्सल बचाता घेऊन देशभर गाजला. दहाएक वर्षांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेल्या पोरांच्या 'आव्हेन्तुरा' या चमूने ती युरोपात नेली.

त्याच चमूतला रोमेओ सांतोस पुढे फार मोठा झाला. २०१९ साली त्याने 'उतोपिया' हा अल्बम काढला तेव्हा एकट्याचा आवाज पुढे न करता लुईस व्हार्गास, तेओदोरो रेयेस, राउलीन रोद्रीगेस, आंतोनी सांतोस अशा जुन्या जाणत्यांना एकेका गाण्यात शेजारी उभे केले. मोठे खाते ज्यांच्या जिवावर चालले त्यांची नावे त्याने खातेवहीत लिहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात युनेस्कोने डोमिनिकन बचातेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. अंगणातल्या बैठकीला आता प्रमाणपत्र आहे.

भाचीला मी हे सारे सांगितले आणि सेगुराचे 'पेना पोर ती' ऐकवले. संथ लय, रडवेला गळा. ती अर्धे गाणे उभ्यानेच ऐकत होती. मग खुर्ची ओढून बसली.

"मामा, यावर पावलं टाकवत नाहीत रे."

मी गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.